कठड्याबाहेर गेलेला प्याला

आमचं घर चर्चच्या मागच्या अंगाला होतं आणि चर्च रेल्वेच्या रुळांना लागून. बाबा उपदेश करत असले आणि इटारसीकडची मालगाडी आली, की ते बोट वर धरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून तसेच उभे राहत. गाडी काही केल्या संपत नसे. तेवढ्यात मंडळी खोकून घेत, बायका पदर सारखे करत, कोणाचं मूल शेजारच्याला चिमटा काढून घेई. शेवटचा डबा गेला, की बाबा जिथे थांबले होते तिथूनच पुढचा शब्द उचलत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच पाळकांना असं गाडीसाठी थांबावं लागतं. पुढे मी नागपूरला एका मोठ्या चर्चमध्ये गेले, तिथे पाळक सलग तासभर बोलले, आणि मला तर गुदमरल्यासारखं झालं.

बाबा पांढुर्ण्याच्या त्या लहानशा मंडळीचे पाळक. मूळचे नगर जिल्ह्यातले, त्यामुळे बोलणं शुद्ध, तोलूनमापून. आई सौंसरची. तिच्या तोंडी 'काय करून राहिली वं' आणि 'का'ऐवजी 'काहून' हे कायमचं. बाबांनी लग्नानंतर तिची भाषा सुधारायचा प्रयत्न केला म्हणतात, पण झालं उलटंच. रागावले की बाबाच 'काहून' म्हणायचे. घरात पुढच्या खोलीत पत्र्याची एक पाटी होती, तिच्यावर काळ्या रंगात दहा आज्ञा लिहिलेल्या. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही त्या पाटीसमोर उभ्या राहायचो, मी आणि माझी मोठी बहीण शांताताई, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत म्हणायचो. आईने त्यावरून स्वयंपाकाचा हिशेब बसवला होता. सहावी आज्ञा आली, की ती तव्यावर भाकरी टाकी. दहावीला आमचं 'आमेन' आणि तिची भाकरी एकाच वेळी उतरत. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची गरम भाकरी. आज मला मधुमेहाच्या डॉक्टरांनी ज्वारीच खायला सांगितली आहे, पण त्या भाकरीची सर हिला नाही, हे त्या डॉक्टरांना कोण सांगणार.

बाबा कडक होते, हे मी लपवत नाही. पण त्यांच्या कडकपणात दुष्टपणा नव्हता. नियम मोडला तर देव रागावेल, यापेक्षा नियम मोडला तर आपली ही मूठभर माणसं विखरून जातील, याची त्यांना भीती वाटे. पाच-पंचवीस घरांची मंडळी. कोणी रेल्वेत, कोणी दवाखान्यात नर्स, एकदोन मास्तर. सगळ्या बाजूंनी शेतकरी हिंदू शेजार, तोही मायेचा. पोळ्याला त्यांच्याकडून पुरणपोळी यायची आणि नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या. बाबा म्हणत, गोडीत माणूस जास्त लवकर विरघळतो, म्हणून कुंपण पाहिजे.

त्या कुंपणाबाहेर गेली ती शांताताई. ती सौंसरला शाळेत शिकवायला लागली आणि तिथेच बोरगावच्या दामूभाऊंशी तिचं जुळलं. दामूभाऊंचा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, घरी विधवा आई. दोघांनी छिंदवाड्याला जाऊन सह्या केल्या आणि मग घरी येऊन सांगितलं. आमच्या मंडळीचा नियम असा होता, की चर्चबाहेर लग्न करणाऱ्याला प्रभुभोजन बंद. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्यातून एका रविवारी आम्ही वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतो, पाळक भाकरीचा तुकडा देतात आणि मग द्राक्षरसाचा प्याला. प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या माणसांबरोबर जेवताना नवा करार केला, त्याची ती आठवण. आमच्यासाठी यापेक्षा मोठी पंगत नाही. ती ज्याला बंद झाली, त्याने सगळ्या मंडळीपुढे उभं राहून पस्तावा सांगायचा, म्हणजे पुन्हा उघडते.

ताईने सांगितलं नाही. "कशाचा पस्तावा सांगू बाबा? दामूचा?" एवढंच ती म्हणाली. तिचं नाव वगळल्याचं रविवारी वाचून दाखवायचं होतं. मंडळीचे मुख्य पंच शामुवेलकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, बाबांचे जिवलग. ते म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही बाहेर बसा." बाबांनी ऐकलं नाही. स्वतः वाचलं. आवाज कापला नाही, म्हणून आईने त्यांना पुढे कित्येक दिवस माफ केलं नव्हतं.

घरी मात्र ताईला कशाचीच बंदी नव्हती. ती यायची, जेवायची, बाबा स्वतः तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकायचे. ती प्रभुभोजनाच्या रविवारी हटकून यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि वेदीवरचा पांढरा कपडा उचलला की कोणी सांगायच्या आत उठून बाहेर हातपंपापाशी जाऊन उभी राहायची. बाबा तिच्याकडे बघत नसत. ती गेल्यावर ते अर्धा श्वास थांबत, एवढंच. हे बहुधा मला एकटीलाच दिसत असावं, कारण मी पहिल्या बाकावर बसायचे. ताईच्या लग्नानंतर बाबा मोठ्याने हसायचेच थांबले होते. पूर्वी त्यांचं हसणं रुळापलीकडे ऐकू जायचं.

मग माझी पाळी आली. ईस्टरला माझं दृढीकरण व्हायचं होतं, म्हणजे मी मोठ्या माणसांत येणार आणि पहिल्यांदा प्याला घेणार. त्यासाठी बाबा मला संध्याकाळी शिकवत. मोशे डोंगरावरून दहा आज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन उतरला तेव्हा त्याचा चेहरा इतका तेजस्वी झाला होता, की लोकांना त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्याला तोंडावर आच्छादन घ्यावं लागलं. "पण ते तेज ओसरणारं होतं," बाबा म्हणत. "दगडावर लिहिलेल्या कराराचं एवढं तेज, तर माणसाच्या काळजावर लिहिलेल्या कराराचं केवढं असेल, सांग." मी सांगायचे. त्याहून मोठं, कधी न ओसरणारं, आणि ते पाहायला आच्छादन लागत नाही. ईस्टरचा उपदेशही त्यांनी यावरच घेतला होता. ओसरीत येरझाऱ्या घालत ते घोकत, आणि आई आत भांडी घासता घासता त्यांच्याआधीच पुढचं वाक्य म्हणे.

माझ्या मनात त्या दिवसांत दुसरंच होतं. नवा फ्रॉक शिवला होता, त्याचंही काही वाटत नव्हतं. मला पहिला प्याला मिळेल तेव्हा ताई बाहेर हातपंपापाशी उभी असेल, हे मला सहन होत नव्हतं. तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. मी आईला विचारलं, "ताई माझ्याशेजारी गुडघे टेकेल का गं, एवढा एकच दिवस?" आई म्हणाली, "बाबाले नको विचारू माय. त्याच्या जिवाले काय होते थे मले माहीत हाये." मी बाबांना विचारलं नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि देवाला सांगितलं, की तूच बघ.

आता प्रभुभोजनाच्या रसाबद्दल सांगायला हवं. पांढुर्ण्यात तेव्हा द्राक्षं कुठली मिळायला. आई काळ्या मनुका आणायची, रात्रभर भिजत घालायची, उकळायची, हाताने कुसकरायची आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायची. घरभर गोड, जरा आंबूस वास. उरलेल्या चोथ्यावर माझा हक्क. रस चिनी मातीच्या बरणीत ठेवायचा, हा तिचा शिरस्ता. पण त्या आठवड्यात मांजराने बरणी फळीवरून पाडली. मग आईने रस पितळी गंजात ओतला. गंज म्हणजे आमच्या भागात पातेलं. त्याची कल्हई उडालेली होती. कल्हईवाला होळीपासून फिरकलाच नव्हता. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवू नये हे आईला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ईस्टरच्या आदल्या दिवशी घर सारवणं, करंज्या, माझा फ्रॉक, तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी तिने झाकण काढलं आणि खालीच बसली. रस कळकला होता. वर हिरवट तवंग, वास असा की तोंडाला धातूची चव यावी. बाबांनी बोट बुडवून चाटलं आणि लगेच थुंकून टाकलं. उपासनेला तासाभराचाच अवकाश होता. मनुका भिजायला रात्र लागते.

त्याच वेळी ताई आली. बरोबर तिच्या सासूबाई. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. दोघींच्या मध्ये संत्र्यांचं पोतं. मृग बहाराची शेवटची तोड, साल सैल झालेली, आत रस गच्च. आत्याबाई कालच जामसांवलीच्या मारोतीला जाऊन आल्या होत्या. आल्या आल्या आईच्या हातात नारळाचा तुकडा दिला. "लहान पोट्टीचा आज कार्यक्रम हाये म्हणे, म्हणून मीबी आली," त्या म्हणाल्या. आईने तो तुकडा बाबांकडे पाठ करून फळीवर ठेवला. बाबांनी तो पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं.

"सलाम, आत्याबाई," बाबा म्हणाले, आणि मग आईला, "आज प्याला नाही. नुसती भाकरी देऊ."

"पोरीचं पहिलं प्रभुभोजन हाये," आई म्हणाली.

"मग काय करू? द्राक्षाचाच रस पाहिजे. असंच चालत आलं आहे."

ताईने पदर खोचला, हात धुतले, पोत्यातली चार संत्री उचलली आणि स्टीलच्या स्वच्छ गंजावर पिळायला लागली. तिने बाबांना विचारलं नाही. बाबा दारात उभे राहून बघत होते. पिळता पिळता खोलीभर संत्र्याचा वास पसरला. मी मलमलीचं फडकं आणलं. मग बाबा म्हणाले, "साखर घालू नका," आणि झगा घालायला आत गेले. आईने माझ्याकडे बघून डोळे पुसले.

झगा घालून बाबा बाहेर आले तेव्हा आत्याबाई ओसरीत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, कुठलीही खोच नव्हती त्यात. "इवाई, एक विचारू काय? हे सरबत आमच्या सूनबाईनं पिळलं. मंग तिले देसान नं?" इवाई म्हणजे व्याही.

"नाही, आत्याबाई. नियम आहे आमचा."

"असन बापा," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलं मले काय समजते. पण आमच्यात पंगतीले बसलेल्या माणसाले वगळून पुढं वाढत नेलं, तर थे त्याले मारल्यापेक्षा वाईट. पोरगी मले कधी बोलली नाई. मीच पाहून राहिली, महिन्याच्या महिन्याले थे इथून घरी आली का दोन दिवस जेवत नाई."

हे बाबांना माहीत नव्हतं. मलाही नाही. घंटा वाजायला लागली होती. ते चर्चकडे चालू लागले.

उपदेश त्यांनी सुरू केला तसाच, जसा ओसरीत ऐकला होता. मोशेचा चेहरा, आच्छादन, दगडी पाट्या. पण त्या सकाळी मध्येच थांबले, आणि गाडी आलेली नव्हती. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. रूळ मोकळे होते. बाबा नुसते उभे. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आपण भोजनाकडे वळू या." आई पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होती, ते तिच्या तोंडातच राहिलं.

कपडा उचलला. मागे बाक करकरला आणि ताई बाहेर गेली, तिच्यामागे आत्याबाई. मी कठड्याशी गुडघे टेकले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शामुवेलकाका. बाबांनी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मग प्याला घेऊन आले. आज पहिली मी. प्याला माझ्या तोंडाशी आला, संत्र्याचा वास आला, आणि तो तिथेच थांबला. मी वर पाहिलं. बाबा दाराकडे बघत होते.

"थांब बाळ," ते म्हणाले, आणि कठड्याचं लहान दार उघडून, प्याला दोन्ही हातांत धरून, बाकांच्या मधून चालत गेले. प्याला कठड्याबाहेर कधी जात नसे. शामुवेलकाका हळूच म्हणाले, "पाळकसाहेब," पण बाबा गेले. मागे वळून बघायचं नसतं, तरी सगळ्यांनी पाहिलं. अनवाणी पायांनी ते तापलेल्या अंगणात उतरले. ताई हातपंपाला टेकून उभी होती. खिडक्या उघड्या होत्या, म्हणून सगळं ऐकू आलं.

"शांता, घे."

"बाबा, मी पस्तावा सांगितलेला नाही."

"नको सांगू. मीच सांगतो. माझं चुकलं. घे."

ताईने दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले आणि ती प्याली. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात जोडले. कोणाला जोडले कोण जाणे. बाबा परत आत आले तेव्हा ते रडत होते. खिशात रुमाल होता, पण त्यांनी चेहरा पुसला नाही, झाकला नाही, मानही खाली घातली नाही. भर मंडळीपुढून तसेच चालत आले. माझ्या बाबांचा चेहरा मी जन्मभर पाहिला, आजारातला पाहिला, शेवटचाही पाहिला. पण तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी मला प्याला दिला. मग आईला. शामुवेलकाका त्याआधीच उठून बाकावर जाऊन बसले होते.

शामुवेलकाका वाईट नव्हते. त्यांनी आयुष्यभर हिरवा-लाल झेंडा दाखवला होता, आणि लाल झेंडा असताना गाडी गेली तर माणसं मरतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पंचांची बैठक झाली. नागपूरहून वरिष्ठ आले. बाबांना सांगितलं, चूक झाली एवढं मंडळीपुढे म्हणा, विषय मिटेल. बाबा म्हणाले, "मी एकदा चूक कबूल केली आहे, अंगणात. तीच खरी आहे." मग त्यांचं व्यासपीठ गेलं, घर गेलं, आणि नियमाप्रमाणे प्रभुभोजनही. आम्ही जिनिंगच्या गिरणीजवळ दोन खोल्यांत राहायला गेलो. कापसाचा कण सगळीकडे, भातातसुद्धा. बाबा पोरांना इंग्रजी शिकवायला लागले. आईने नव्या खोलीत पाटी टांगली नाही. बाबांनी विचारलंही नाही. आज्ञा मात्र आम्ही म्हणत राहिलो. पाठ होत्या.

हल्ली पांढुर्णा जिल्हा झाला. रस्ते रुंद, दुकानांना काचा. मी कधी भाच्याकडे बोरगावला जाते, तेव्हा लोक विचारतात, तुमच्या वडिलांना एवढं सोसावं लागलं, त्यांना वाईट नाही वाटलं? वाटलं असेल. व्यासपीठ त्यांचा जीव होता. मी त्यांना रविवारी पहाटे एकट्याने येरझाऱ्या घालताना पाहिलं आहे, ओठ हलत असताना. पण मला ते सांगताना नेहमी नव्या पाळकांचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आठवतो.

त्या दिवशी सकाळी बाबांनी मला आणि आईला सांगितलं, "तुम्ही दोघी पुढे जायचं. माझ्यासाठी कोणी उठायचं नाही. ते मेज पंचांचं नाही, प्रभूचं आहे." ते शेवटच्या बाकावर ताईशेजारी बसले. ताईने सरकून जागा दिली. नवे पाळक तरुण होते, घाबरलेले. कपडा उचलला. ताई उठली. तिच्याबरोबर बाबाही उठले, आणि त्या ईस्टरपर्यंत इतकी वर्षं ज्या दाराकडे त्यांनी पाहिलं नव्हतं, त्या दारातून लेकीचा हात धरून बाहेर गेले. मी कठड्याशी गुडघे टेकले. भाकरीचा तुकडा हातावर आला. आणि तेवढ्यात बाहेरून हसणं ऐकू आलं. ताईने काहीतरी सांगितलं असणार, शाळेतल्या पोरांचं, नाहीतर आत्याबाईंचं. बाबा हसत होते, पूर्वीसारखे, पोट धरून, रुळापलीकडे ऐकू जाईल असे. आईने माझा हात घट्ट पकडला. नव्या पाळकांनी प्याला पुढे केला, तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी हसतही होते. ते उपासनेनंतर आईला म्हणाले, तुमची मुलगी फार भाविक दिसते. आई म्हणाली, "हो नं. बापावर गेली हाये."